उच्च क्षमतेच्या संगणकासाठी विश्वासार्ह वीजपुरवठा संचाची निवड : भोर व वेल्हे तालुक्यांच्या विशेष संदर्भात

गोषवारा

खेळ, चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय आरेखन आणि यंत्र-अध्ययन यांसाठी लागणारे उच्च क्षमतेचे संगणक आता शहरापुरते मर्यादित राहिलेले नाहीत. सह्याद्रीच्या कुशीतील भोर व वेल्हे या तालुक्यांतील घरांत आणि महाविद्यालयांतही ते येऊ लागले आहेत. अशा संगणकाची खरेदी करताना प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांचा बारकाईने विचार होतो. परंतु या सर्व घटकांना वीज पुरविणाऱ्या संचाकडे, म्हणजेच प्रचलित भाषेतील 'एसएमपीएस'कडे, दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात या संचाची रचना, त्याच्या निवडीचे निकष, डोंगराळ व अतिपर्जन्याच्या प्रदेशातील वीजपुरवठ्याचे स्वरूप आणि संस्थात्मक खरेदीतील तांत्रिक अटी यांचे विवेचन केले आहे. संचाची विश्वासार्हता केवळ वॅटच्या आकड्यावरून ठरत नाही; जमिनीतील अर्थिंगपासून मदरबोर्डपर्यंतच्या संपूर्ण साखळीचा विचार करावा लागतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : एसएमपीएस, दाबातील चढउतार, न्यूट्रल तुटणे, अर्थिंग, यूपीएस, कार्यक्षमता.

१. प्रस्तावना

भोर व वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ तालुके होत. हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे ही इतिहासप्रसिद्ध नावे याच परिसरातील. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले वेल्ह्यात असून २०२४ मध्ये या तालुक्याचे नाव 'राजगड' असे करण्यात आले. तथापि लोकांच्या बोलण्यात वेल्हे हेच नाव रूढ असल्याने प्रस्तुत लेखात तेच वापरले आहे.

विजेच्या दृष्टीने या प्रदेशाची स्थिती काहीशी विरोधाभासाची आहे. भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर १९२० च्या दशकात बांधून पूर्ण झालेले भाटघर धरण आहे आणि त्याच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे. वेल्हे तालुक्यातील पानशेत व वरसगाव या धरणांवरही वीज निर्माण होते. परंतु धरणावर निर्माण झालेली वीज थेट शेजारच्या वाडीत जात नाही. ती उच्चदाबाच्या जाळ्यात मिसळते आणि उपकेंद्र, अकरा हजार व्होल्टची वाहिनी, गावातील रोहित्र व तेथून लघुदाबाच्या तारा असा प्रवास करून घरात पोहोचते. या प्रवासाचा शेवटचा टप्पा डोंगरउतारावरून, झाडांमधून आणि विखुरलेल्या वाड्यावस्त्यांमधून जातो. पावसाळ्यात नेमका हाच टप्पा सर्वाधिक दुबळा ठरतो. ३ जून २०२० रोजी कोकण किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागालाही झोडपले, तेव्हा या दुर्बलतेची तीव्रता सर्वांच्या लक्षात आली.

अशा ठिकाणी लाखाच्या घरातील किंमतीचा संगणक घेणे हा कुटुंबाच्या दृष्टीने मोठा निर्णय असतो. एखाद्या विद्यार्थ्याच्या हट्टापायी किंवा त्याच्या भावी व्यवसायाच्या आशेने घेतलेले यंत्र एका वळवाच्या पावसात निकामी झाले, तर दुरुस्तीसाठी सुमारे पन्नास-साठ किलोमीटरवरील पुणे गाठावे लागते आणि बऱ्याचदा त्याच तोलाचे दुसरे यंत्र पुन्हा घेणे शक्य होत नाही. खरेदीपूर्वी असे पालक व विद्यार्थी प्रायः महाविद्यालयातील प्राध्यापकांचाच सल्ला घेतात. म्हणून या विषयाची शास्त्रीय माहिती केवळ संगणकशास्त्राच्या नव्हे, तर सर्वच शाखांच्या अध्यापकांना असणे उपयुक्त ठरते.

२. वीजपुरवठा संचाची रचना व कार्य

भिंतीवरील प्लगमधून येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची व सेकंदाला ५० आवर्तने करणारी प्रत्यावर्ती वीज असते. संगणकातील घटकांना मात्र १२, ५ व ३.३ व्होल्टची स्थिर दिष्ट वीज लागते. हे रूपांतर एसएमपीएस करतो.

संचात शिरलेली वीज प्रथम गाळणीतून जाते. येथे नको असलेले विद्युत-गोंधळ अडवले जातात आणि दाबाचा क्षणिक उसळ शोषून घेणारा 'एमओव्ही' नावाचा घटक बसविलेला असतो. त्यानंतर विजेचे दिष्टीकरण होते. चांगल्या संचात यापुढे 'अॅक्टिव्ह पीएफसी' हे मंडल असते. ते दाब वाढवून सुमारे ३८० ते ४०० व्होल्टवर स्थिर राखते व ती ऊर्जा एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवते. पुढे ही वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून लहान रोहित्रातून उतरवली जाते आणि १२ व्होल्टचा मुख्य पुरवठा तयार होतो. आधुनिक संचात ५ व ३.३ व्होल्टचे पुरवठे या १२ व्होल्टपासूनच बनविले जातात.

'एटीएक्स' हे संगणकाच्या रचनेचे मानक इंटेल कंपनीने १९९५ मध्ये मांडले. त्याच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १२, ५ व ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यात ५ टक्क्यांपेक्षा अधिक फरक पडू नये, तसेच १२ व्होल्टवरील तरंग १२० मिलिव्होल्टच्या आणि ५ व ३.३ व्होल्टवरील तरंग ५० मिलिव्होल्टच्या आत राहावेत, अशी अपेक्षा असते. संचाचे काम केवळ वीज देणे एवढेच नसून ती निर्मळ व स्थिर स्वरूपात देणे हे आहे.

३. निवडीचे तांत्रिक निकष

३.१ वॅटचा आकडा व १२ व्होल्टची क्षमता

बाजारात संचाची विक्री वॅटच्या आकड्यावर होते. परंतु हा आकडा किती प्रामाणिक आहे, हे वेष्टनावरून नव्हे तर संचावर चिकटवलेल्या तक्त्यावरून समजते. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे ग्राहक १२ व्होल्टवर चालतात. म्हणून तक्त्यातील १२ व्होल्टच्या रकान्यातील अँपिअरचा आकडा पाहावा व त्यास १२ ने गुणावे. एखाद्या संचावर ठळक अक्षरांत '५०० वॅट' लिहिले असून १२ व्होल्टवर केवळ १८ अँपिअर दर्शविले असतील, तर प्रत्यक्षात उपयोगी पडणारी क्षमता २१६ वॅटच भरते. याउलट ७५० वॅटच्या दर्जेदार संचावर १२ व्होल्टसाठी सुमारे ६२ अँपिअर नोंदवलेले आढळतात. या एका गुणाकाराने बाजारातील कितीतरी फसवे संच बाजूला करता येतात.

आवश्यक क्षमतेचा अंदाज पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल. १६२ वॅटपर्यंत वीज घेणारा प्रोसेसर, २८५ वॅटचे ग्राफिक्स कार्ड आणि मदरबोर्ड, स्मृती, साठवण व पंखे यांसाठी मिळून ८० वॅट धरल्यास एकूण भार ५२७ वॅट होतो. ७५० वॅटचा संच घेतल्यास कमाल भारातही तो आपल्या क्षमतेच्या सुमारे ७० टक्क्यांवर चालतो. उष्णता व पंख्याचा आवाज मर्यादित राहतो आणि पुढे घटक बदलण्यासही वाव मिळतो. याच संगणकासाठी १२०० वॅटचा संच घेणे हे मात्र अनावश्यक खर्चाचे लक्षण होय. तोच पैसा पुढे सांगितलेल्या संरक्षक उपायांवर अधिक चांगल्या रीतीने खर्च होऊ शकतो.

३.२ क्षणिक भार

आधुनिक ग्राफिक्स कार्डांचा सरासरी भार व क्षणिक भार यांत मोठी तफावत असते. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतक्या अल्पकाळात कार्ड आपल्या निर्धारित भाराच्या कितीतरी पट वीज खेचू शकते. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या आवृत्तीने हे वास्तव मान्य केले. संचाने १०० मायक्रोसेकंदांसाठी स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट भार सहन करावा, अशी अट मोठ्या संचांसाठी तीत घातली गेली. याच सुमारास ६०० वॅटपर्यंत वीज वाहून नेणारी सोळा पिनांची नवी जोडणी प्रचारात आली. ऑक्टोबर २०२२ पासून आरटीएक्स ४०९० या ४५० वॅटच्या कार्डाच्या बाबतीत ही जोडणी वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. पुढे २०२३ मध्ये एटीएक्स ३.१ सोबत जोडणीची सुधारित रचना आली. नव्या पिढीचे मोठे कार्ड घेणाऱ्याने शक्यतो ३.० किंवा ३.१ आवृत्तीचा संच घ्यावा, जोडणी पूर्ण आत बसल्याची खात्री करावी आणि जोडणीलगत तारा तीव्र कोनात वळवू नयेत.

३.३ कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र व त्याच्या मर्यादा

'८० प्लस' हे प्रमाणपत्र २००४ पासून प्रचलित आहे. ११५ व्होल्टवरील मूळ पातळीसाठी २०, ५० व १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता अपेक्षित आहे. 'गोल्ड' पातळीसाठी हे प्रमाण अनुक्रमे ८७, ९० व ८७ टक्के आहे. आपल्याकडील २३० व्होल्टवर कार्यक्षमता किंचित अधिकच मिळते.

याचा आर्थिक अर्थही पाहता येईल. घटकांना सरासरी ४०० वॅट लागत असतील, तर ८० टक्के कार्यक्षमतेचा संच भिंतीतून ५०० वॅट घेतो व ९० टक्क्यांचा संच सुमारे ४४४ वॅट घेतो. रोज चार तास, वर्षातून ३०० दिवस वापर धरल्यास सुमारे ६७ युनिटची बचत होते. प्रतियुनिट दहा रुपये दर गृहीत धरल्यास चार वर्षांत ही बचत सुमारे २,७०० रुपयांपर्यंत जाते. चांगल्या संचासाठी दिलेला जादा पैसा अशा प्रकारे बऱ्याच अंशी परत मिळतो.

तथापि या प्रमाणपत्राचा अर्थ मर्यादित आहे. ही चाचणी सुमारे २३ अंश सेल्सिअस तापमानात घेतली जाते आणि तिच्यात कार्यक्षमतेचे मोजमाप होते. संरक्षक मंडले, तरंगांचे प्रमाण, दाबातील चढउतार सोसण्याची शक्ती किंवा दीर्घायुष्य यांची हमी ती देत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखालील खोलीत चालणाऱ्या संचाची परीक्षा प्रयोगशाळेपेक्षा फार कठोर असते. म्हणून 'गोल्ड' ही पात्रतेची प्रारंभिक पायरी मानावी. अंतिम निकष मानू नये.

३.४ कपॅसिटर व संरक्षक मंडले

संचाचे आयुष्य बऱ्याच अंशी त्यातील विद्युत-अपघटनी कपॅसिटरवर अवलंबून असते. तापमानात १० अंशांची घट झाली की अशा कपॅसिटरचे आयुष्य स्थूलमानाने दुप्पट होते. त्यामुळे ८५ अंशांऐवजी १०५ अंश सेल्सिअससाठी बनविलेले कपॅसिटर असणारा संच उष्ण खोलीत अधिक टिकतो. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सदोष कपॅसिटर फुगून असंख्य मदरबोर्ड व संच निकामी झाले होते. स्वस्त घटकांची खरी किंमत त्यावेळी सर्वांना कळली.

अतिदाब, न्यूनदाब, अतिधारा, अतिभार, लघुमंडल व अतितापमान या सहा स्थितींत संचाने स्वतःहून बंद पडणे अपेक्षित आहे. हलक्या संचांत यांपैकी काही मंडले वगळलेली असतात. असा संच बिघडताना एकटा जात नाही, तर मदरबोर्ड व ग्राफिक्स कार्डही सोबत नेतो. खऱ्या अर्थाने विश्वासार्ह संच कधीच बिघडणार नाही असे नाही. बिघडताना तो इतर घटकांना वाचवतो, हेच त्याचे वैशिष्ट्य होय.

४. स्थानिक परिस्थिती व तिचे परिणाम

४.१ कमी दाब

रोहित्रापासून दूर असलेल्या वाडीत, विशेषतः सायंकाळी किंवा शेतीपंप चालू असताना, दाब घसरतो. दिवे मंदावतात व पंखे रेंगाळतात. भारतीय विद्युत नियमावली, १९५६ मध्ये लघुदाब पुरवठ्यासाठी ६ टक्क्यांच्या फरकाची मर्यादा घातलेली होती. म्हणजे २३० व्होल्टच्या पुरवठ्यात साधारणतः २१६ ते २४४ व्होल्ट. वाहिनीच्या टोकाशी ही मर्यादा पाळली जाणे कठीण असते.

दाब कमी झाला की तेवढीच शक्ती मिळविण्यासाठी संच अधिक विद्युतधारा खेचतो. २३० व्होल्टवर ६०० वॅटसाठी सुमारे २.६ अँपिअर पुरतात, तर १६० व्होल्टवर ३.७५ अँपिअर लागतात. परिणामी संच अधिक तापतो. दुसरा परिणाम कमी लक्षात येणारा, परंतु अधिक महत्त्वाचा आहे. अॅक्टिव्ह पीएफसी नसलेल्या संचात मोठ्या कपॅसिटरमधील ऊर्जा आलेल्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब २३० वरून १६० वर आल्यास साठलेली ऊर्जा निम्म्याहूनही कमी होते. वीज क्षणभर खंडित झाल्यास अशा संचावरील संगणक त्वरित बंद पडतो. अॅक्टिव्ह पीएफसी असलेला संच मात्र येणारा दाब कमी असला तरी आतील दाब ३८० व्होल्टच्या आसपास राखतो. यास्तव या प्रदेशात अॅक्टिव्ह पीएफसी ही चैन नसून आवश्यकता आहे. तक्त्यावर '१००–२४० व्होल्ट' अशी व्यापक मर्यादा असलेला संच घ्यावा. '२००–२४०' अशी अरुंद मर्यादा असलेला किंवा मागील बाजूस ११५/२३० चे तांबडे बटण असलेला जुन्या पद्धतीचा संच टाळावा.

४.२ न्यूट्रल तुटणे

वादळात झाडाची फांदी पडून किंवा जुना सांधा गंजून न्यूट्रलची तार तुटली, तर कमी दाबापेक्षा कितीतरी गंभीर संकट ओढवते. अशा वेळी निरनिराळ्या फेजवरील दोन घरे परस्परांशी एकसर जोडल्यासारखी होऊन दोन फेजांमधील सुमारे ४०० व्होल्टचा दाब आपसांत वाटून घेतात. ही वाटणी समान नसते. एका घरात १,००० वॅटचा भार व दुसऱ्यात २०० वॅटचा भार असल्यास पहिल्या घराच्या वाट्यास सुमारे ६७ व्होल्ट, तर दुसऱ्याच्या वाट्यास सुमारे ३३३ व्होल्ट येतात. ज्या घरात भार कमी, तेथील उपकरणे जळतात. रात्री सर्व दिवे मालवून केवळ संगणक चालू ठेवणारे घर नेमके याच स्थितीत असते.

संचातील एमओव्ही हा घटक वीज चमकल्याने येणाऱ्या क्षणिक उसळीसाठी असतो. मिनिटभर टिकणाऱ्या ३३३ व्होल्टपुढे त्याचा निभाव लागत नाही. तो स्वतः जळतो. यावरील योग्य उपाय म्हणजे घराच्या मुख्य फळीवर दाब निश्चित मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारे व तो पूर्ववत होताच काही वेळाने जोडणारे अति-न्यूनदाब संरक्षक उपकरण बसविणे. संगणकाच्या किमतीच्या मानाने हा खर्च अल्प असून त्यामुळे घरातील फ्रीज व दूरदर्शन संचाचेही रक्षण होते.

४.३ आकाशातील वीज

एप्रिल-मे महिन्यांतील वळवाचा पाऊस व ऑक्टोबरमधील परतीचा पाऊस या दोन्ही काळांत विजांचे प्रमाण अधिक असते. प्रत्यक्ष वीज पडल्यास कोणताही संच टिकत नाही. दूरवर पडलेल्या विजेमुळे तारांत उत्पन्न होणारी उसळी मात्र रोखता येते. मुख्य फळीवर उसळी-संरक्षक उपकरण बसवावे. परंतु हे उपकरण जादा वीज जमिनीत सोडते; त्यामुळे अर्थिंग चांगले नसल्यास ते जवळजवळ निरुपयोगी ठरते.

सर्वांत खात्रीचा उपाय अर्थातच सर्वांत सोपा आहे. गडगडाट सुरू होण्यापूर्वी प्लग काढून ठेवावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. इंटरनेटची तांब्याची तार असल्यास तीही काढावी, कारण उसळी तिच्यावाटेही शिरू शकते. प्रकाशतंतूची काच वीज वाहून नेत नसली, तरी राउटरपासून संगणकापर्यंतची तार तांब्याचीच असते. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेले 'दामिनी' हे मोबाइल उपयोजन परिसरातील विजांची पूर्वसूचना देते. त्याचा उपयोग जीविताच्या रक्षणासाठी आधी व यंत्राच्या रक्षणासाठी नंतर, असा करावा.

४.४ अर्थिंग

संगणकाच्या धातूच्या पेटीस हात लावताच झिणझिण्या येतात, अशी तक्रार ग्रामीण भागात नेहमी ऐकू येते. अशा वेळी यंत्र सदोष असल्याचा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक संचाच्या गाळणीतील दोन लहान कपॅसिटर फेज व न्यूट्रल यांच्या मध्यबिंदूशी पेटीला जोडतात. अर्थिंगची तार जोडलेली नसल्यास पेटीवर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब जाणवतो. त्यामागील विद्युतधारा अत्यल्प असते, परंतु अर्थिंग नसल्याची ती स्पष्ट खूण असते. पुढे संचात खरा दोष निर्माण झाल्यास हीच पेटी प्राणघातक ठरू शकते. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून तो दोन पिनांत बसविण्याची सवय म्हणूनच सर्वस्वी त्याज्य होय.

भोर-वेल्ह्याचा भूभाग बेसॉल्ट खडकाचा आहे. उतारावर मातीचा थर पातळ असतो व खडक विजेचा दुर्वाहक असल्याने अर्थिंगचा रोध वाढतो. पावसाळ्यात ओली असलेली जमीन मे महिन्यात कोरडी पडते. म्हणजे वळवाच्या विजांच्या काळातच अर्थिंग सर्वाधिक दुबळे असते. यासाठी घराजवळील मातीचा खोल थर असलेली ओलसर जागा निवडावी. खड्ड्यात कोळसा-मीठ अथवा ओल धरून ठेवणारी बेंटोनाइटसारखी माती भरावी, उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी घालावे आणि परवानाधारक तारतंत्र्याकडून रोध मोजून घ्यावा. अर्थिंगसाठी भारतीय मानक ३०४३ ही संहिता उपलब्ध आहे. जोडीला गळती होताच पुरवठा तोडणारे ईएलसीबी बसविणे मनुष्याच्या सुरक्षिततेसाठी अगत्याचे आहे.

४.५ दमट हवा

जून ते सप्टेंबर या काळात घाटमाथ्याच्या परिसरात हवा सतत दमट असते. संचात साचलेली धूळ ओलसर होऊन विद्युतगळतीस कारण ठरते. संगणक भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच ठेवावा, पावसाळ्यापूर्वी धूळ झाडून घ्यावी आणि दीर्घकाळ बंद ठेवण्यापेक्षा तो अधूनमधून चालू करून आतील ओल घालवावी. संचाची पेटी मात्र घरी उघडू नये. वीज बंद केल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ राहू शकतो.

५. यूपीएस व इन्व्हर्टर

वीज गेल्यावर संच काही क्षण स्वतःच्या साठ्यावर चालतो. एटीएक्सच्या २.० नंतरच्या जुन्या आवृत्त्यांत हा काळ पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंद अपेक्षित होता, ३.० आवृत्तीत तो ८० टक्के भारावर १७ व पूर्ण भारावर १२ मिलिसेकंद असा ठेवला आहे. एवढ्या अवधीत यूपीएसने भार स्वतःकडे घ्यावयाचा असतो. संगणकासाठी बनविलेले यूपीएस हे काम बहुधा वेळेत करतात. घरगुती इन्व्हर्टरला मात्र साध्या स्थितीत याहून अधिक वेळ लागू शकतो. त्यावर यूपीएस स्थितीचे बटण असल्यास ते वापरावे.

येथे दोन गोष्टींची दक्षता घ्यावी लागते. पहिली, यूपीएसवरील आकडा व्होल्ट-अँपिअरचा असतो, वॅटचा नव्हे. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो व १,००० व्हीएचा ६०० वॅट. वरील उदाहरणातील संगणक कमाल भारात ९० टक्के कार्यक्षमतेने भिंतीतून सुमारे ५८५ वॅट घेईल. ४० वॅटचा पडदा धरल्यास एकूण ६२५ वॅट होतात. म्हणजे १,००० व्हीएचा यूपीएसही येथे अपुरा पडतो व ९०० वॅटचा घ्यावा लागतो. दुसरी, अॅक्टिव्ह पीएफसी असलेले काही संच चौकोनी तरंगाच्या विजेवर अडखळतात किंवा यूपीएसला अतिभाराचा भास करून देतात. म्हणून शुद्ध साइन तरंगाचा यूपीएस घेणे श्रेयस्कर. यूपीएसचा हेतू खेळ तासभर चालू ठेवणे हा नसून काम जतन करून संगणक नीट बंद करणे हा आहे, हे ध्यानात घेतल्यास बॅटरीवरील खर्चही मर्यादित राहतो.

६. संस्थात्मक खरेदी : काही सूचना

महाविद्यालयात बहुधा किमान दरपत्रकाच्या आधारे खरेदी होते. मागणीपत्रात प्रोसेसर व स्मृती यांचे सविस्तर वर्णन असते. परंतु वीजपुरवठा संचाबाबत केवळ '५०० वॅट एसएमपीएस' एवढाच उल्लेख असतो. अशा अटीत वर उल्लेखिलेला २१६ वॅटचा संचही बसतो आणि किमान दरामुळे त्याचीच निवड होते. यात पुरवठादाराने नियमभंग केलेला नसतो. उणीव मागणीपत्रातच असते. ती दूर करण्यासाठी पुढील अटी समाविष्ट कराव्यात.

(१) १२ व्होल्टवरील अखंड क्षमता अँपिअरमध्ये नमूद असावी व ती एकूण वॅटच्या किमान ९५ टक्के असावी.
(२) येणाऱ्या दाबाची मर्यादा १००–२४० व्होल्ट असावी व अॅक्टिव्ह पीएफसी असावे.
(३) कार्यक्षमता ८० प्लस गोल्ड किंवा समकक्ष असावी.
(४) सहाही संरक्षक मंडलांचा लेखी उल्लेख असावा.
(५) मुख्य कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअसचे असावेत.
(६) हमी किमान पाच वर्षांची असावी आणि दाबातील उसळीमुळे झालेले नुकसान तीत समाविष्ट आहे किंवा नाही, हे स्पष्ट लिहिलेले असावे.
(७) सुट्या तारांचा संच असल्यास मूळ ताराच पुरवाव्यात. निरनिराळ्या कंपन्यांच्या तारा दिसण्यात सारख्या असल्या तरी संचाकडील टोकाची पिनरचना भिन्न असू शकते व अदलाबदलीने घटक जळतात.

यांखेरीज प्रयोगशाळेच्या अर्थिंगचा रोध वर्षातून एकदा, मे महिन्यात, मोजून नोंदवहीत लिहावा. पावसाळ्यातील मोजमाप समाधानकारक दिसते, पण ते दिशाभूल करणारे असते.

७. निष्कर्ष

वीजपुरवठा संच हा संगणकाचा दृश्य परिणाम न दाखविणारा घटक आहे. तो चांगला घेतल्याने खेळ वेगवान होत नाही वा चित्र अधिक सुस्पष्ट दिसत नाही. त्यामुळे अंदाजपत्रक ताणले गेले की पहिली कात्री त्यालाच लागते. परंतु संगणकातील इतर प्रत्येक घटकाचे आयुष्य त्याच्यावर अवलंबून असते.

पुण्यासारख्या शहरात जो संच पुरेसा ठरतो, तो वाहिनीच्या टोकाशी असलेल्या वाडीत पुरेसा ठरेलच असे नाही. भोर व वेल्हे यांसारख्या भागांत निवडीचा क्रम अर्थिंगपासून सुरू व्हावा. त्यानंतर अति-न्यूनदाब संरक्षक, उसळी-संरक्षक, शुद्ध साइन तरंगाचा यूपीएस आणि शेवटी व्यापक दाबमर्यादेचा, अॅक्टिव्ह पीएफसीयुक्त संच अशी साखळी उभी करावी. या साखळीसाठी ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचे घ्यावे लागले, तरी ती तडजोड हिताचीच ठरते. सल्ला मागण्यासाठी आलेल्या विद्यार्थ्याला 'कोणते कार्ड घेऊ?' या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी 'घरी अर्थिंग आहे का?' असा प्रतिप्रश्न विचारणे, हे या विषयातील अध्यापकाचे पहिले कर्तव्य मानावे लागेल.